एलईडी दिवे आणि त्यांची बटणं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी आणि दुकानांसाठी

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॉटचा देऊ?" खरेदी तिथेच आडवाटेला लागते. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. उजेड किती देतो ते ल्यूमेन सांगतात. तारेचे पिवळे बल्ब होते तोवर हा फरक कुणाला कळायची गरज नव्हती, कारण ६० वॉटचे सगळे बल्ब साधारण सारखेच, सातशे-आठशे ल्यूमेन द्यायचे. एलईडीत तसं नाही. नऊ वॉटचे दोन बल्ब शेजारी शेजारी लावा, एक ७०० ल्यूमेन देईल, दुसरा ९०० च्या पुढे जाईल. बिल दोघांचं सारखंच.

नवं घर बांधणारे, दुकानाचं फर्निचर बदलणारे, शाळेच्या किंवा देवळाच्या कमिटीत असल्यामुळे "लायटिंगचं तुम्ही बघा" असं ज्यांच्या गळ्यात पडलंय ते, अशांसाठी हे लिहितोय. आपल्याकडे चार महिन्यांचा पाऊस आहे, वळवाचा कडकडाट आहे आणि खेड्यातल्या लायनीवर व्होल्टेजचा खालीवर खेळ आहे. त्यामुळे पुण्या-बेंगळूरच्या बंद एसी ऑफिससाठी लिहिलेले सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. दिवा बदलणं हे निम्मं काम. बटण कुठे आहे, कितींना मिळून एक आहे आणि ते कुणाच्या हाताशी आहे, हे उरलेलं निम्मं. लोक पहिल्या निम्म्यावर पैसे घालतात आणि दुसरं वायरमनवर सोडून देतात.

पायरी १: बिल काढा, वही घ्या

हेस्कॉमचं बिल कन्नडमध्ये असतं म्हणून पुष्कळजण फक्त खालचा आकडा बघून ते खिळ्याला टोचून ठेवतात. त्यातल्या तीन गोष्टी शोधायच्या: आर. आर. नंबर (तुमच्या जोडणीचा क्रमांक), मंजूर भार किती किलोवॉट आहे तो, आणि महिन्याचे युनिट. कन्नड वाचता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी पोराला विचारा, तो दोन मिनिटांत दाखवेल. मंजूर भार महत्त्वाचा, कारण स्थिर आकार त्यावर लागतो. वीज जाळा नाहीतर घर बंद ठेवा, तो भरावाच लागतो.

घरगुती ग्राहकांसाठी २०२३ पासून कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना आहे. २०२२-२३ या वर्षातला तुमचा महिन्याचा सरासरी वापर आणि त्यावर १० टक्के (सरासरी ४८ युनिटांच्या आत असेल तर १० युनिट), एवढी वीज मोफत, पण २०० युनिटांच्या आत. मोफत मर्यादा ओलांडली आणि २०० च्या आत राहिलात तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. २०० च्या पुढे गेलात तर सगळ्याच युनिटांचं बिल. म्हणून ज्यांचं बिल शून्य येतं ते विचारतात, "मग एलईडी कशाला?" प्रश्न बरोबर आहे. साठ-सत्तर युनिट वापरणाऱ्या घराला दिवे बदलून रोख फायदा जवळजवळ नाही, तो उजेडाचा आणि इन्व्हर्टरचा आहे. पण १८५-१९५ युनिटांवर लटकणाऱ्या घराला दोन-चार जुन्या ट्यूब काढल्याचा फायदा मोठा होतो, कारण एखाद्या उन्हाळ्याच्या महिन्यात २०० ची रेघ ओलांडली की अख्खं बिल अंगावर येतं. दुकान, हॉटेल, कारखाना यांना ही योजना नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक युनिट म्हणजे खिशातला पैसा.

आता वही. प्रत्येक खोलीसाठी एक ओळ: लांबी-रुंदी, तिथे काम काय चालतं, दिवा दिवसाला किती तास जळतो, दिवसा नैसर्गिक उजेड येतो का. तासांचा रकाना नीट भरा. दिवसाला अर्धा तास जळणाऱ्या न्हाणीघरातला बल्ब बदलून काही वाचत नाही. तो उडेल तेव्हा बदला. दहा तास जळणारी दुकानातली ट्यूब मात्र आजच उतरवा.

पायरी २: कामाप्रमाणे उजेड ठरवा

उजेड मोजायचं माप लक्स. एका चौरस मीटरवर एक ल्यूमेन पडला की एक लक्स. जिना, पडवी यांना ५० ते १०० पुरतात. स्वयंपाकघराला २०० च्या आसपास, वर्गाला आणि ऑफिसच्या टेबलाला ३०० ते ५००, शिवणकामाला त्याहून जास्त, आणि कापड गडद असेल तर आणखी जास्त.

हिशेब सोपा आहे. खोलीचे चौरस फूट भागिले १०.७६ म्हणजे चौरस मीटर. त्याला हवे तेवढे लक्स गुणा. आलेल्या आकड्याची दुप्पट करा, कारण निम्म्याच्या जवळपास उजेड भिंती, छत आणि धूळ खाते. दहा बाय बाराचं स्वयंपाकघर: १२० चौरस फूट म्हणजे ११ चौरस मीटर, गुणिले २०० म्हणजे २२०० आणि दुप्पट ४४०० ल्यूमेन. २२०० ल्यूमेनच्या दोन बॅटन (पट्टीसकट येणारे लांब एलईडी दिवे) झाल्या. वीस बाय पंचवीसचा शाळेचा वर्ग: साधारण ४६ चौरस मीटर, ३०० लक्स धरले तर दुपटीनंतर जवळपास २८,००० ल्यूमेन, म्हणजे त्याच बॅटन बारा-तेरा. आपल्या खेड्यांतल्या वर्गात चार असतात. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे भर दुपारी संध्याकाळ होते, तेव्हा मागच्या बाकावरच्या पोराला फळा दिसत नाही तो यामुळेच. तेरा लावायला पैसे नसतील तर आधी भिंतींना पांढरा चुना द्या आणि फळ्यावर तिरपा उजेड पडेल अशा दोन बॅटन वेगळ्या बसवा.

छतावरचा दिवा वाढवण्याआधी आणखी एक गोष्ट बघा. दिव्यापासूनचं अंतर निम्मं केलं तर छोट्या दिव्याचा उजेड चौपट पडतो. निपाणीकडे घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांना छताला टांगलेल्या वीस वॉटपेक्षा, सुपाच्या वर हात-दीड हातावर आलेला पाच वॉटचा झाकणाचा दिवा जास्त कामाचा. शिवणयंत्र, हिशेबाची वही, सोनाराचा पाट, सगळ्यांना हाच नियम. दिवा कामाजवळ आणा आणि बाकी खोलीत मंद राहू द्या.

जुन्या कौलारू घरांत माजघर कायम काळोखात असतं. तिथे दिवसभर दिवा लावून ठेवण्याऐवजी मंगळोरी कौलांत दोन काचेची कौलं घाला. त्याला वायर लागत नाही, आणि बिलही येत नाही.

पायरी ३: पांढरा की पिवळसर, आणि रंग खरे दिसतात का

डब्यावर २७००, ३०००, ४००० किंवा ६५०० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) असं लिहिलेलं असतं. आकडा जेवढा लहान तेवढा दिवा पिवळसर, जेवढा मोठा तेवढा निळसर पांढरा. आपल्याकडे "लख्ख पाहिजे" म्हणून सरसकट ६५०० घ्यायची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. झोपायच्या खोलीत, देवघरात, बाहेरच्या ओसरीवर ३००० घ्यावा. वर्गात, ऑफिसात, स्वयंपाकघरात ४००० उत्तम, पण तो मागितल्याशिवाय दुकानदार देत नाही. बाहेरच्या दिव्याचं आणखी एक कारण आहे. निळसर उजेडावर पावसाळ्यातली पाखरं जास्त झेपावतात. दारावर पिवळसर दिवा लावलात तर सकाळी उंबऱ्यावरचा पंखांचा खच कमी होतो आणि भिंतीवरच्या पालींचीही पंगत लहान होते.

दुसरा आकडा सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं हे शंभरातलं माप. पांढरा एलईडी म्हणजे आतून निळा दिवा आणि वर पिवळसर लेप. लेप स्वस्तातला असला की उजेडात लाल रंग कमी पडतो. घरात ८० चालतो. पण खडेबाजारात किंवा शहापूरला साड्यांचं दुकान असेल तर ९० च्या खाली जाऊ नका. शहापुरी साडीचा डाळिंबी काठ दुकानात विटकरी दिसला तर गिऱ्हाईक ती उन्हात न्यायला पायरीवर उभं राहतं, हे रोजचं दृश्य आहे. भाजीवाले, मटणवाले, कुंदा-पेढ्याची काउंटरं यांनाही हाच सल्ला. ९० वाला दिवा थोडा महाग असतो आणि तेवढ्याच वॉटला ल्यूमेन थोडे कमी देतो. काउंटरपुरता तो लावा, मागच्या गोदामाला नको.

पायरी ४: डबा वाचा

ल्यूमेन भागिले वॉट करा. ९० च्या खाली आलं तर डबा परत ठेवा. बॅटनमध्ये १०० ते १२० सहज मिळतात. एलईडी बल्बवर २०१८ पासून बीईई या ऊर्जा बचतीच्या सरकारी संस्थेचं तारांकित लेबल सक्तीचं आहे. तारे याच गुणोत्तरावर दिले जातात, त्यामुळे दोन ब्रँडमध्ये अडलात तर तारे मोजा. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, आयएस १६१०२ हा आकडा आणि आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक डब्यावर हवा. तो क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव वेगळं आलं तर माल नकली. बाजारात टोपलीत ओतून "तीनशेला सहा" विकले जाणारे बिनडब्याचे बल्ब यातल्या एकाही परीक्षेला बसत नाहीत.

आयुष्य २५,००० तास लिहिलेलं असतं. एवढ्या तासांनी दिवा विझेल असा त्याचा अर्थ नाही, उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईल असा आहे, आणि तोही एलईडीच्या चिपचा. आतली इलेक्ट्रॉनिक्स त्याआधी जाते. म्हणून तासांच्या आकड्यापेक्षा वॉरंटीची वर्षं बघा, आणि पक्की पावती घ्या. निपाणीचा माणूस कोल्हापूर जवळ म्हणून तिकडे खरेदी करतो, त्याला कुणी नको म्हणणार नाही. पण बदलून घ्यायला पुन्हा त्याच दुकानात जावं लागेल की बेळगावातला वितरकही बदलून देईल, हे आधी विचारून ठेवावं. आणि बसवताना बल्बच्या पांढऱ्या बुडावर मार्करने तारीख लिहा. दोन वर्षांनी भांडायला ती उपयोगी पडते.

पायरी ५: ड्रायव्हर आणि त्याचे तीन शत्रू

एलईडीच्या आत एसीचं डीसी करणारा छोटा भाग असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. "एलईडी टिकत नाहीत" ही तक्रार दहातल्या नऊ वेळा या ड्रायव्हरची असते. त्याला मारणाऱ्या तीन गोष्टी म्हणजे उष्णता, व्होल्टेज आणि ओल.

उष्णतेचं साधं आहे. ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मं होतं. काचेच्या बंद गोळ्यात, चारी बाजूंनी थर्माकोल-पीओपीने कोंडलेल्या खाचेत बारा वॉटचा बल्ब घातला तर तो लवकर जाणारच. तिथे कमी वॉटचा घ्या, किंवा ज्याचा ड्रायव्हर वेगळा, तारेने बाहेर काढलेला आहे असा पॅनेल दिवा घ्या. वेगळा ड्रायव्हर म्हणजे तो गेला तर तेवढाच बदलता येतो.

व्होल्टेजचं प्रकरण मोठं आहे. खेड्यातल्या टीसीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० ला उतरतं, मध्यरात्री पंप बंद झाले की २५० च्या वर चढतं. म्हणून डब्यावर चालण्याची मर्यादा बघा. २२० ते २४० एवढंच लिहिलेला दिवा गावात नको, १४० ते ३०० वाला घ्या. त्याहून वाईट म्हणजे खांबावरचा न्यूट्रल तुटणं. तसं झालं की एका फेजवरच्या घरांत व्होल्टेज साडेतीनशे-चारशेपर्यंत चढू शकतं आणि अख्ख्या आळीचे दिवे एकदम जातात. आणि एप्रिल-मेमधला वळीव. वीज थेट घरावर पडायला नको, जवळच्या लायनीवर पडली तरी तिचा झटका वायरीतून आत येतो. मुख्य बोर्डात टाइप टू सर्ज संरक्षक बसवा. नवीन घरात तो बसवायचा खर्च दोन-चार बऱ्या पॅनेल दिव्यांएवढा येतो. मात्र त्याला धड अर्थिंग लागतं. अर्थिंगचा खड्डा नसलेल्या घरात सर्ज संरक्षक म्हणजे बोर्डात नुसती हिरवी खिडकी. न्यूट्रल तुटण्यावर तो उपाय नाही, त्यासाठी जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारा वेगळा रिले मिळतो. तीन फेजचं कनेक्शन असेल तर तो जरूर घाला.

ओलीसाठी आयपीचा आकडा असतो, दिवा धूळ-पाणी किती अडवतो ते तो सांगतो. बाहेरच्या, पाऊस लागणाऱ्या दिव्याला आयपी ६५. नुसता आकडा पुरत नाही. वायर आत शिरते तिथली रबरी गळपट्टी वायरमनने आवळली नाही तर पाणी वायरीवरून ओघळत आत जातं. वायरीला दिव्याच्या आधी खाली एक झोका द्यायला सांगा, पाणी तिथून टपकून जातं. खानापूरच्या पट्ट्यात गोठ्यात, न्हाणीत, चुलीच्या धुराजवळही साधा उघडा बल्ब लावू नका, झाकणाची सीलबंद बॅटन घ्या.

पायरी ६: बसवताना

जुन्या पट्टीत नुसती एलईडी ट्यूब घालून मिळते. मी ती टाळायला सांगेन. चोक तसाच राहिला तर तो वीज खात राहतो, आणि काही ट्यूबना वायरिंग एका टोकाला लागतं, काहींना दोन्ही. पुढच्या माणसाला ते माहीत नसतं. अख्खी बॅटन घ्या, दोन स्क्रू आणि दोन वायरी, संपलं.

बटण बंद केलं तरी बल्ब अंधुक तेवत राहतो, ही फार येणारी तक्रार. कारणं दोन. एक, बटणात लाल इंडिकेटर आहे आणि त्याचा थेंबभर करंट एलईडीला पुरतो. दुसरं गंभीर: बटण फेजवर नसून न्यूट्रलवर बसवलंय. म्हणजे बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत आहे. टेस्टरने तपासून घ्या आणि वायरमनला चूक दुरुस्त करायला लावा. बल्ब बदलताना शॉक बसतो तो इथेच.

मंगल कार्यालय, शोरूम अशा ठिकाणी पन्नास-साठ दिवे एकाच बटणावर असले की चालू करताना क्षणभर मोठा करंट ओढला जातो आणि वॉट कमी असूनही एमसीबी (जास्त करंट आला की लाइन तोडणारा खटका) पडतो. मोठा एमसीबी टाकणं हा उपाय नाही, त्याने वायर जळते. दिवे तीन-चार सर्किटांत वाटा, आणि लागलंच तर बी ऐवजी सी प्रकारचा एमसीबी घ्या.

पायरी ७: बटणं, सेन्सर, टायमर

सगळ्यात स्वस्त नियंत्रण म्हणजे बटणांची वाटणी. वर्ग घ्या. दिव्यांच्या रांगा दारापासून खिडकीपर्यंत आडव्या जोडलेल्या असतात, त्यामुळे आतली बाजू अंधारी म्हणून सगळेच लावावे लागतात. रांगा खिडकीच्या भिंतीला समांतर जोडा आणि प्रत्येक रांगेला वेगळं बटण द्या. मग उजेडाच्या दिवशी खिडकीकडची रांग बंद राहते. खर्च काही मीटर वायर आणि दोन बटणं. दुकानातही तसंच: शोकेस, काउंटर, आतलं गोदाम, पाटी, चार वेगळी बटणं. भिंतीला प्लास्टर होण्याआधी हे ठरवलं तर फुकट, नंतर भिंत फोडावी लागते. जिन्याला वर-खाली दोन्हीकडून चालणारं टू-वे बटण हवंच. आणि बटणांवर नावं लिहा. मोठ्या हॉलमध्ये बारा बटणांची पट्टी असली की येणारा माणूस तळवा ठेवून सगळी खाली दाबतो.

सेन्सर कुठे? जिथे माणूस येतो-जातो आणि दिवा कुणाचाच नसतो तिथे: अपार्टमेंटचा जिना, पार्किंग, सार्वजनिक संडास, गोदाम, दवाखान्याची मागची पडवी. घरच्या बैठकीत सेन्सर लावू नका, टीव्ही बघताना दर पाच मिनिटांनी हात हलवावा लागेल.

दोन जाती मिळतात. पीआयआर सेन्सर हलणारी उष्णता ओळखतो. त्याला माणूस दिसावा लागतो, मधे लाकडी आडोसा किंवा काच आली की तो आंधळा. समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवं जाणाऱ्याला तो लवकर पकडतो, म्हणून तो वाटेच्या टोकाला न लावता बाजूला लावा. उन्हाळ्यात हवा अंगाएवढी तापली की त्याची नजर थोडी मंदावते. मायक्रोवेव्ह सेन्सर हालचाल ओळखतो आणि काचेतून, पातळ पार्टिशनमधूनही बघतो. संडासाच्या कप्प्यांना तो बरा. पण रस्त्याकडेच्या पातळ भिंतीवर लावलात तर बाहेरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला सलाम करत दिवा पेटेल. त्याची संवेदना कमी करण्याचं बारीक बटण अंगावरच असतं, ते फिरवा.

वेळ किती ठेवायची? जिन्याला एक-दोन मिनिटं, संडासाला पाच ते दहा, ऑफिसला पंधरा. माणूस आत असताना एकदा अंधार झाला की दुसऱ्या दिवशी कुणीतरी सेन्सर कायमचा बायपास करतं, म्हणून वेळ थोडी सैलच ठेवा. ऑफिसच्या केबिनसाठी मला आवडणारी पद्धत म्हणजे लावणं हाताने, विझणं आपोआप. दिवसा उजेड असला तर माणूस बटण दाबतच नाही, आणि जाताना विसरला तरी दिवा विझतो. सेन्सर घेताना तो एलईडीचा किती भार झेलतो तेही विचारा, नाहीतर आतला रिले चिकटतो आणि दिवा विझायचंच विसरतो.

बाहेरच्या दिव्यांना फोटोसेल किंवा टायमर. फोटोसेल म्हणजे अंधार पडला की लावणारा डोळा. तो दिव्याच्याच उजेडात बसवला तर दिवा लागताच त्याला दिवस वाटतो, तो विझवतो, पुन्हा अंधार, पुन्हा लावतो. तोंड आकाशाकडे, दिव्याकडे पाठ. साध्या टायमरला उन्हाळा-हिवाळा कळत नाही, वर्षातून तीन-चारदा वेळ बदलावी लागते. खगोलीय टायमर मात्र ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दिले की सूर्योदय-सूर्यास्त स्वतः काढतो. बेळगावसाठी साधारण १५.८५ उत्तर, ७४.५ पूर्व भरा. देऊळ, सोसायटी, शाळेचं आवार यांना हाच घ्यावा, आणि रात्री अकरानंतर निम्मे दिवे बंद होतील असं दुसरं सर्किट ठेवावं.

मंद-तेज करायचा डिमर हवा असेल तर दिव्यावर "डिमेबल" लिहिलेलं असलंच पाहिजे. पंख्याचा किंवा जुन्या बल्बचा रेग्युलेटर साध्या एलईडीला जोडला की तो फडफडतो आणि मरतो. मोबाइलवरून चालणारे वायफाय बल्ब हौसेला ठीक. भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं की ते मुके होतात, आणि आपल्या घरांत आजी बटण बंद करणारच.

कारखाने, माग आणि मोठ्या इमारती

उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या शेडमध्ये जुने २५० वॉटचे मेटल हॅलाइड दिवे चोकसकट पावणेतीनशेच्या वर खातात आणि लावल्यावर पूर्ण उजेडाला यायला काही मिनिटं घेतात. शंभर-सव्वाशे वॉटचा चांगला हायबे (उंच छताला टांगायचा) एलईडी त्या जागी पुरतो, आणि लगेच पेटत असल्यामुळे जेवणाच्या सुट्टीत बंद करता येतो. फाउंड्रीत धूळ आणि उष्मा जास्त, तिथे सीलबंद आणि जास्त तापमान झेलणारा असं विचारूनच घ्या. वाळूची धूळ बसून उजेड झपाट्याने उतरतो, पुसण्याची वारी ठरवून घ्या.

लेथ असेल तर एक परीक्षा करायलाच हवी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण फिरणारा चक त्या उजेडात थांबल्यासारखा किंवा संथ दिसू शकतो, आणि माणूस हात घालतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दिव्याचं चित्रण करा. काळे पट्टे किंवा ठळक लुकलुक दिसली तर तो दिवा यंत्राजवळ नको. वडगाव-खासबागच्या मागांवरही हेच बघा.

वीज किलोव्होल्ट-अँपिअरवर मोजली जाणाऱ्या मोठ्या कनेक्शनला पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ०.९ च्या वरचे दिवे घ्यावेत. घरगुती मीटरला त्याने फरक पडत नाही. आणि १०० किलोवॉट किंवा १२० केव्हीएच्या वरच्या व्यापारी इमारतींना २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत दिव्यांच्या वॉटची मर्यादा आणि स्वयंचलित नियंत्रणाच्या अटी आहेत. हॉस्पिटल, कॉलेज, मॉल बांधत असाल तर आर्किटेक्टला नकाशाच्या टप्प्यावरच विचारा.

पैशांचा हिशेब

गणपत गल्लीतल्या एखाद्या दुकानात चोकच्या बारा जुन्या ट्यूब धरा. चोकसकट प्रत्येकी ५० वॉट, मिळून ६००. त्या जागी वीस वॉटच्या बारा बॅटन, २४० वॉट. फरक ३६० वॉट. दिवसाला दहा तास, वर्षाला ३०० दिवस म्हणजे १०८० युनिट. हिशेबापुरता ८ रुपये दर धरला तर ८,६४० रुपये. बॅटन तीनशे रुपयांची धरली तर खर्च ३,६००, साधारण पाच महिन्यांत वसूल. तुमचा दर बिलावरून घाला. दिवा दोनच तास जळत असेल तर तीच वसुली दोन वर्षांवर जाते. तासांचा रकाना नीट भरा म्हटलं ते यासाठी.

घरी इन्व्हर्टर असेल तर दुसरा हिशेब करा. जुन्या चार ट्यूबचे २०० वॉट आणि नव्या चार बॅटनचे ८०. पावसाळ्यात झाड पडून लाइन गेली की त्याच बॅटरीवर दिवे दुपटीहून जास्त वेळ चालतात. देवघरातला जुना "झिरो" बल्बही बदला. नाव झिरो, पण तो बारा-पंधरा वॉट खातो आणि रात्रभर जळतो. एलईडीतला अर्ध्या वॉटचा मिळतो.

उतरवलेल्या ट्यूब आणि सीएफएल फोडू नका, त्यात थोडा पारा असतो. मूळ पुठ्ठ्यात गुंडाळून ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, घंटागाडीत टाकू नका. घरात एखादी फुटलीच तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा, मग तुकडे जाड कागदाने गोळा करून बरणीत भरा. झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने पारा उडतो. जुने तांब्याचे चोक मात्र भंगारवाला वजनावर घेतो, ते वेगळे काढून ठेवा.